जिल्हा कौन्सिलातली दोन वर्षं

गेल्या उन्हाळ्यात वडिलोपार्जित शेताच्या वाटणीसाठी अमरावतीच्या कोर्टात खेटे घालावे लागले. माझा मामेभाऊ तिथेच वकिली करतो, त्यामुळे पुकारा होईपर्यंत त्याच्या टेबलाशी बसायची सोय होती. टेबल पत्र्याच्या शेडमधलं, कडुलिंबाखाली. एका बाजूला टायपिस्टची खडखड, दुसऱ्या बाजूला स्टँपवाल्यासमोर लागलेली रांग, आणि भावाचा काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. उन्हाचा ताव असा, की बाटलीतलं पाणी चहासारखं कोमट झालं होतं. मोर्शीकडचे एक म्हातारे पक्षकार दुपट्ट्यानं मान पुसत बसले होते. बोलता बोलता विषय निघाला, की भावाच्या मनात जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे. म्हाताऱ्यांनी मान हलवली. ‘जिल्हा परिषदेत काय ठेवलं हाय, वकीलसाहेब? लढाचं असन त इधानसभा लढा. थ्या परिषदेत कोणाचं भलं झालं?’ भाऊ हसला. म्हणाला, ‘बाबाजी, थे त पहिली पायरी हाय. वर जाचं त तिच्यावर पाय ठेवाच लागते.’ म्हाताऱ्यांना ते पटलं. तेवढ्यात पुकारा झाला आणि सगळे उठले.

मला मात्र ते उत्तर खटकलं, आणि का खटकलं ते लगेच सांगता येईना.

आम्ही अमरावतीची मुलं पंजाबराव देशमुखांचं चरित्र पाठ करत मोठी झालो. 27 डिसेंबर आला की शाळेत वक्तृत्व स्पर्धा. 1898 साली पापळ गावी जन्म, शेतकऱ्याचं घर, विलायतेत उच्च शिक्षण, बॅरिस्टर, प्रांताचे मंत्री, घटना समितीचे सदस्य, केंद्रीय कृषिमंत्री. प्रत्येक पदाला आवाज चढवायचा, हात उचलायचा. या यादीत मध्येच एक ओळ असायची: ‘1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले.’ जिल्हा कौन्सिल म्हणजे तेव्हाची जिल्हा परिषदच. या ओळीला कुणी हात उचलत नसे. सर सांगायचे, ‘इथं थांबू नका, पुढं मंत्रिपद येतं.’ म्हणजे आम्हालाही लहानपणीच पायरीची भाषा शिकवली होती. कोर्टातून परत येताना पंचवटी चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा ती ओळ मला आठवली आणि मनातून जाईना. त्यानंतर बरेच दिवस मी पंजाबरावांच्या, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांच्या, त्या दोन-सव्वादोन वर्षांचाच विचार करत होते.

जिल्ह्याच्या राजकारणात इतके वकील का, याचा विचार केला तर फार खोल जावं लागत नाही. वऱ्हाडातल्या माणसाला सरकार भेटायचं ते दोनच ठिकाणी, तहसिलीत आणि कोर्टात. सावकारानं फिर्याद लावली, बांधावरून भावकीत डोकी फुटली, कपाशीवर घेतलेली उचल फिटली नाही, की माणूस वकिलाच्या ओट्यावर येऊन बसायचा. वकिलाला कुणाच्या शेतावर किती बोजा आहे, कुणाच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, कोणता पाटील कुणाला दाबतो, हे सगळं कागदांतून कळायचं. शिवाय त्याची कमाई सरकारी पगारातून येत नव्हती, त्यामुळे कलेक्टरसमोर ताठ उभं राहणं त्याला परवडायचं. त्या काळच्या लोकल बोर्डांवर, नगरपालिकांवर वकीलच वकील दिसतात, ते यामुळे. यात एक उणं होतं आणि ते मोठं होतं: हे वकील बहुतेक शहरातल्या शिकल्या-सवरल्या, उच्चवर्णीय घरांतले असत. ज्याच्या शेतावर बोजा आहे तो ओट्याच्या खाली, आणि जिल्ह्याच्या वतीनं बोलणारा ओट्याच्या वर.

दादासाहेब खापर्डे हे त्या पिढीचं सगळ्यांत तेजस्वी नाव. अमरावतीत खापर्डे बगीचा हा पत्ता आजही रिक्षावाल्याला समजावून सांगावा लागत नाही. 1854 चा जन्म. काही वर्षं सरकारी नोकरी केली, सोडली आणि अमरावतीत वकिली थाटली. कौन्सिलच्या आधी जे जिल्हा बोर्ड होतं, त्याचे ते अनेक वर्षं अध्यक्ष होते. 1897 साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. टिळकांना 1908 साली शिक्षा झाली, तर हा माणूस चालती वकिली सोडून अपिलासाठी विलायतेला गेला आणि दोन वर्षं तिकडे राहिला. कमावलं भरपूर, उधळलंही भरपूर. वऱ्हाडचे नबाब म्हणत त्यांना. त्यांच्या रोजनिशा आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतली शिर्डीच्या मुक्कामाची पानं साईभक्त अजून वाचतात. मला दादासाहेबांविषयी मनापासून आदर आहे. मित्रासाठी स्वतःचा संसार असा पणाला लावणारी माणसं कमीच. तरीही त्यांची जिल्ह्यावरची सत्ता आणि भाऊसाहेबांची सत्ता शेजारी ठेवून पाहिली, की जिल्हा बोर्ड हे एक मानाचं स्थान आणि जिल्हा बोर्ड हे एक हत्यार, यातला फरक डोळ्यांत भरतो.

पंजाबराव 1926 साली परत आले. घरचं मूळ आडनाव कदम, वडील शामराव, आई राधाबाई. मुलाला विलायतेला पाठवताना वडिलांनी शेती गहाण टाकली होती, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक शेतकरी बाप आपल्या मुलाला निदान एकदा तरी ऐकवतो. एडिंबरोत संस्कृत, ऑक्सफर्डला डॉक्टरेट, बरोबरीनं बॅरिस्टरी. डॉक्टरेटचा विषय वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. तो प्रबंध पुढे 1933 साली ऑक्सफर्डनं पुस्तकरूपात काढला. हे सगळं करून माणूस नागपूर-मुंबई सोडून अमरावतीत येऊन पाटी लावतो. गहाण पडलेल्या जमिनीचा विचार केला तर त्यानं पैशाच्या मागं लागणं हेच रास्त झालं असतं, आणि घरातल्या कुणी तसं म्हटलंही असेल. वकिलाचा काळा डगला घातलेला एक कुणब्याचा पोरगा, ज्यानं वेद मुळातून वाचले आहेत, असा माणूस तोवर त्या कोर्टाच्या आवारानं पाहिलेला नव्हता. मला नेहमी वाटतं, की त्याचं इंग्रजी ऐकून न्यायाधीश जितका चमकला असेल, त्याहून जास्त त्याची वऱ्हाडी ऐकून दाराशी उभा असलेला पक्षकार चमकला असेल. आपल्यासारखं बोलणारा माणूस आत उभा आहे!

आल्या आल्या पहिल्या वर्ष-दीड वर्षातच त्यांनी इतकं काही सुरू केलं, की मला ते वाचताना दम लागतो. स्वामी श्रद्धानंदांच्या नावानं वसतिगृह काढलं. सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक छप्पर, एक पंगत. 1927 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या वैद्य घराण्यातल्या विमलाबाईंशी जातीबाहेरचं लग्न केलं. आणि त्याच महिन्यात, लग्नाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न अमरावतीत पेटला होता.

त्यासाठी परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीत आले होते. 13 नोव्हेंबर 1927, इंद्रभुवन थिएटर. महाडच्या चवदार तळ्याला आठ महिने होऊन गेलेले. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना मुंबईहून भाऊ बाळारामांच्या मृत्यूची बातमी कळली, आणि तरीही त्यांनी काम थांबवलं नाही. पंजाबराव या लढ्याच्या पुढाऱ्यांत होते, आणि देवस्थानाच्या पंचांच्या बाजूला होते दादासाहेब खापर्डे. एकाच शहरातले दोन वकील, दोन्ही जिल्ह्याचे नेते, एक सत्तरी ओलांडलेला आणि एक तिशीच्या आतला, एका दाराच्या दोन बाजूंना. पंचांना वेळ द्यायचं ठरलं आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला. अंबादेवीच्या देवळात मी लहानपणापासून जाते आहे. गाभाऱ्यासमोरच्या गर्दीत नारळाचं पाणी, उदबत्ती आणि घामाचा वास एक झालेला असतो, मागच्या बाईचं ढोपर पाठीत रुततं, आणि पुजारी ‘चला, चला’ करत पुढे सरकवतो. तिथं उभं असताना या दोन माणसांची आठवण कधी झाली नव्हती. आता होते, आणि दर्शन घेताना अवघडल्यासारखं वाटतं.

देऊळ पंचांचं होतं. तिथं विनवण्या, वाटाघाटी, मुदती, सगळं करावं लागलं. जिल्हा कौन्सिलचं तसं नव्हतं. 1928 साली पंजाबराव अध्यक्ष झाले, आणि त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या गोष्टींपैकी एक म्हणजे सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणं. इथं मला त्यांच्यातला वकील दिसतो. विहीर कुणाची? ज्यानं बांधली त्याची. कुणी बांधली? जिल्ह्याच्या पैशानं. जिल्ह्याचा पैसा कुठून आला? शेतसाऱ्यावरच्या सेसमधून म्हणजे उपकरातून, कोंडवाड्याच्या दंडातून, बाजाराच्या उत्पन्नातून. मग गावच्या पाटलाला तिथं कुणाला हटकायचा हक्क कुठून मिळतो? या चार प्रश्नांत सगळा दावा बसतो. मुंबई प्रांतात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव 1923 सालचा, पण वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे तो ठराव इकडे लागू नव्हता. आणि महाडचं काय झालं ते सगळ्यांसमोर होतंच. तिथल्या नगरपालिकेनं 1924 साली तळं खुलं केलं आणि 1927 साली स्वतःचाच ठराव फिरवला. मग तळं खाजगी मालकीचं असल्याचा दावा कोर्टात गेला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. नगरपालिकेची खुर्ची कशी वापरता येते आणि कशी सोडून देता येते, हे एका वेळी दाखवणारी दुसरी घटना मला ठाऊक नाही. अमरावतीत खुर्चीवर बसलेला माणूस ठराव फिरवणारा नव्हता.

अर्थात ठराव कागदावर होतो आणि पाणी गावात भरलं जातं.

माझी आजी तिच्या सासरच्या गावाची गोष्ट सांगायची. दुपारी जेवणं आटोपली, की ती सुपारी कातरत बसायची आणि तेव्हाच असं काही बोलायची. त्यांच्या गावात विहीर ‘खुली’ झाली होती, म्हणजे तसं सांगितलं जात होतं. महारवाड्यातल्या बाया पाण्याला येत, पण उन्हं कलल्यावर, गावातल्या बायांचं भरून झाल्यावर. दोर वेगळा. आणि त्या गेल्या की आजीची सासू काठावर एक घागर ओतायची, मग घरी यायची. ‘कोणी नाही म्हणत नव्हतं,’ आजी म्हणायची, ‘पण कोणी या बी नव्हतं म्हणत.’ मी विचारलं, तू ओतायचीस का घागर? आजीनं अडकित्ता थांबवला, म्हणाली, ‘सासू असेपर्यंत ओतली.’ मला हे आजीविषयी लिहायला जड जातं, कारण तिच्याइतकं प्रेमळ माणूस मी पाहिलेलं नाही. पण ठरावाचं काय होतं, तो कुठवर पोचतो, कुठं अडतो, हे मला पहिल्यांदा तिच्याकडून समजलं. आणि तरीही मी त्या ठरावाला छोटा म्हणणार नाही. उन्हं कलल्यावर का होईना, त्या बायांना काठावर चढता आलं. खाली उभं राहून कुणी ओंजळीत पाणी टाकेल म्हणून वाट पाहणं सुटलं. त्या दोन गोष्टींमधलं अंतर काठावरच्या माणसाला दिसत नाही, खालच्याला दिसतं.

दुसरं काम शाळांचं, आणि माझ्या मते ते विहिरींपेक्षा अवघड होतं. विहिरी खुल्या करताना राग ओढवून घ्यावा लागतो, पण खर्च नसतो. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणायचं तर शाळा हव्यात, मास्तर हवेत, मास्तरांचा पगार हवा. भाऊसाहेबांनी त्यासाठी कर वाढवला. कुणावर? शेतकऱ्यांवरच, म्हणजे आपल्याच माणसांवर. जिल्हा कौन्सिलकडे दुसरं होतं तरी कोण! हे करताना साल कोणतं होतं तेही पाहावं. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातच जागतिक मंदी सुरू झाली आणि कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडात कापूस पडला म्हणजे सगळंच पडलं; जिनिंगचा भोंगा वाजायचा थांबला की किराणा दुकानदारापासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. अशा दिवसांत एक शेतकऱ्याचाच पोरगा अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून सांगतो, की तुमच्या पोरांच्या शाळेसाठी अजून पैसे द्या. मी त्या बैठकीची कल्पना करून पाहते. पंख्याच्या दोऱ्या ओढणारा माणूस भिंतीशी बसलेला, सभासद पागोट्यांतले, टोप्यांतले, बरेचसे पाटील घरांतले, ज्यांना मजुराचं पोर शाळेत गेलेलं मुळीच नको आहे. ते शाळेत गेलं तर कापूस कोण वेचणार? हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारला नसेल. पण सभेत तो बसलेला असणार.

माझे बाबा त्या शाळांच्या पुढच्या फळांपैकी एक. गावात चौथीपर्यंतची शाळा होती, ती जिल्ह्याची होती, आणि ती होती म्हणून ते चौथी पास झाले. पुढे अमरावतीला वसतिगृहात. भाऊसाहेबांनी 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तिच्या शाखा नंतर वऱ्हाडभर पसरल्या, आणि त्या आधारानं गावोगावचे हजारो पोट्टे शहरात येऊन टेकले. बाबांची पत्र्याची पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे. ते सांगायचे, की पहिल्या दिवशी पंगतीत शेजारी कोण बसलाय ते विचारायची हिंमत झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी विचारायची गरज वाटली नाही. ज्वारीची भाकर, पातळ वरण, अंबाडीची भाजी, रविवारी गूळ. रात्री कंदिलाच्या काजळीनं नाकपुड्या काळ्या होत, सकाळी नळावर सगळे ओळीनं नाकं धूत असत. शेजारच्या मुलाशी त्यांची जी मैत्री जमली ती जन्मभर टिकली. ते काका आमच्या घरी आले, की आजी त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढायची. घागर ओतणारी तीच आजी. यात कोणता ठराव किती पोचला याचा हिशेब मला मांडता येत नाही, पण मंत्रालयातून निघालेल्या कुठल्या आदेशानं ती पंगत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली नसती, एवढं मला नक्की वाटतं.

म्हणून मला पायरी हा शब्द खटकला. भावाला राग यावा असं मला वाटत नाही. तो चांगला वकील आहे, गरिबाकडून फी मागताना त्याचा आवाज खाली जातो. त्यानं जे ऐकलं तेच तो बोलला. आज जिल्हा परिषदेचं तिकीट मागणारा प्रत्येकजण आमदारकीकडे पाहत मागतो, आणि देणाराही तसंच पाहून देतो. 2022 नंतर कितीतरी काळ जिल्हा परिषदांवर सदस्यच नव्हते, प्रशासकांनी कारभार हाकला, आणि गावांत कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. विधानसभा एक महिना लांबली असती तर केवढा गहजब झाला असता! पण शाळेचं गळकं छत, आरोग्य केंद्रातला औषधांचा साठा, गावाला जोडणारा रस्ता, पाणीपुरवठ्याची टाकी, हे सगळं अजूनही जिल्हा परिषदेच्याच पदरी आहे. 1961 च्या कायद्यानं आणि 1 मे 1962 पासून सुरू झालेल्या या व्यवस्थेनं जिल्ह्याला जेवढे अधिकार दिले, तेवढे भाऊसाहेबांच्या कौन्सिलकडे नव्हते. त्यांच्याकडे कमी होतं आणि त्यांनी जास्त केलं, हे मला पुन्हा पुन्हा टोचतं.

त्यांची पुढची कारकीर्द मोठी आहे, आणि तिच्याविषयी माझ्या मनात सगळंच सरळ नाही. 1930 साली ते प्रांताचे मंत्री झाले, शिक्षण आणि शेती त्यांच्याकडे आली. देवस्थानांची संपत्ती समाजाच्या कामी लावण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. अंबादेवीच्या दाराशी थांबलेला वकील इथं कायद्याच्या वाटेनं परत आला, असं मी ते वाचते. 1933 मध्ये मध्य प्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला, सावकाराच्या फासातल्या शेतकऱ्यासाठी. त्याच वर्षी ते मंत्रिपदावरून बाहेर पडले. घटना समितीत मागास वर्गांची बाजू त्यांनी धरून ठेवली. पण त्याच घटना समितीत, ऑगस्ट 1949 मध्ये, त्यांनी नागरिकत्वाच्या कलमाला एक दुरुस्ती सुचवली: जगात कुठंही राहणारा, दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू किंवा शीख भारताचा नागरिक होण्यास पात्र असावा. फाळणीच्या आगीनंतरचे दिवस होते, पश्चिमेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते, हे सगळं मी लक्षात घेते. तरीही ज्या माणसानं विहिरीच्या काठावर माणसाची जात विचारायची नाही असा ठराव आणला, त्यानं देशाच्या दारात माणसाचा धर्म विचारावा, हे मला पटत नाही. समितीनं ती दुरुस्ती स्वीकारली नाही, याचा मला आनंद आहे. वक्तृत्व स्पर्धेत हे कुणी सांगत नसे. सांगायला हवं होतं; आदर त्यानं कमी होत नाही, पण तो डोळे उघडे ठेवून करता येतो.

दिल्लीतली दहा वर्षं मी भरभर वाचून टाकते, खरं सांगायचं तर. भारत कृषक समाज, जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम, 1959 च्या डिसेंबरात दिल्लीला भरलेलं जागतिक कृषी प्रदर्शन, ज्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. हे सगळं भव्य आहे, आणि कापूस-ज्वारीच्या गावातून गेलेल्या माणसानं ते उभं केलं याचा अभिमान आम्हा सगळ्यांनाच आहे. अमरावतीनं त्यांना 1952, 1957 आणि 1962 अशा तिन्ही वेळा लोकसभेवर पाठवलं. 10 एप्रिल 1965 रोजी ते गेले. चार वर्षांनी अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं, त्याला आज त्यांचं नाव आहे. विमलाबाई पुढे राज्यसभेवर गेल्या. पण त्या दिल्लीच्या कामाला यंत्रणा होती, सचिव होते, पंतप्रधानांचा पाठिंबा होता. अमरावतीच्या कौन्सिलात त्यांच्याजवळ एक पद, एक तुटपुंजी तिजोरी आणि कायद्याचं ज्ञान होतं.

भावाशी यावर नंतर फोनवर बोलणं झालं. त्यानं ऐकून घेतलं आणि एक रोकडा प्रश्न विचारला: आज कुणी कर वाढवून दाखवावा, पुढच्या निवडणुकीत अनामत वाचते का पाहू. प्रश्न खरा आहे, आणि त्याला बगल देऊ नये. आज जिल्हा परिषद बहुतेक सरकारी अनुदानावर चालते, स्वतःचं उत्पन्न वाढवायला कुणी धजत नाही, आणि त्यामुळे मतदारही तिला विचारत नाही की माझे पैसे कुठं गेले. पण भाऊसाहेबांच्या बाबतीत काय घडलं ते नोंदलेलं आहे. 1930 साली प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका आल्या. सविनय कायदेभंगामुळे काँग्रेस त्यात नव्हती, त्यामुळे मैदान मोकळं होतं, हे कबूल करायला हवं. मतदानाचा हक्कही सरसकट नव्हता. खेड्यात तो मुख्यतः त्यांनाच होता जे ठरावीक रकमेच्या वर शेतसारा भरत. म्हणजे ज्यांच्यावर शाळांसाठी जादा कर बसला होता, ज्यांच्या घरासमोरची विहीर मनाविरुद्ध खुली झाली होती आणि ज्यांचा कापूस त्या हंगामात मातीमोल गेला होता, मत देणारे बरेचसे तेच होते. मजुराला मत नव्हतं, महारवाड्याला जवळपास नव्हतं. त्या शेतसारा भरणाऱ्यांनी पंजाबराव देशमुखांना निवडून दिलं.

भाऊ यावर थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं विचारलं, की तेव्हा शेतसाऱ्यावर सेस किती होता, आणि आता त्याच्या सर्कलमधल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, गावांचा वर्षाचा सारा किती होत असेल. तहसिलीत हे आकडे मिळतात. सोमवारी तो ते काढणार आहे.